वॉशिंग मशीनचं बेअरिंग गेलंय : दुरुस्त करावं की नवीन घ्यावं?

पेठकरीण | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून लिहितेय. आमचं फ्रंट लोड मशीन सात किलोचं, नऊ वर्षांपूर्वी दसऱ्याला घेतलेलं. आजवर एकदा ड्रेन पंप आणि एकदा दाराचं रबर, एवढाच खर्च. गेला महिनाभर कपडे पिळायला लागलं की घरघर सुरू होते आणि वेग वाढला की भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. आधी वाटलं काहीतरी अडकलंय. खालचा फिल्टर उघडला, दोन नाणी आणि केसांचा एक आकडा निघाला. आवाज होता तसाच. खालच्या मजल्यावरच्या काकी परवा विचारायला आल्या, "पिठाची गिरण घातलीस काय गं?"

सर्व्हिस सेंटरचा मुलगा येऊन गेला. मशीन उघडलं नाही, हातानं ड्रम फिरवला आणि म्हणाला बेअरिंग गेलंय, ड्रम आणि टबाचा अख्खा सेट बदलावा लागेल, १३,५०० रुपये, मजुरी वेगळी. वर म्हणाला, नऊ वर्षं झाली ताई, एक्स्चेंजला टाका. एक्स्चेंजला १,५०० देतात. तसंच नवीन मशीन दुकानात २९,००० ला बघितलं.

मग उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या कारागिराला विचारलं. नुसतं बेअरिंग आणि सील घालून ४,५०० म्हणाला, पण "उघडल्यावरच खरं काय ते कळंल" हेही सांगितलं.

घरात दोन मतं आहेत. सासूबाई म्हणतात मोटर धडधाकट आहे, पत्रा कुठे गंजलेला नाही, मोडीत कशाला घालायचं? ह्यांचं म्हणणं, आज साडेचार हजार घातले आणि दोन महिन्यांनी कार्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) उडालं तर ते पैसे पाण्यात. मला दोघांचंही पटतं, म्हणून इथे विचारतेय. घरात सहा माणसं. मुलगा तालमीत जातो, त्याचे कपडे रोज तांबड्या मातीनं माखलेले असतात. पावसाळा दोन आठवड्यांवर आलाय आणि आपल्याकडच्या पावसात कपडे पिळून निघाले नाहीत तर तीन-तीन दिवस दोरीवर ओले राहतात. त्यामुळे या आठवड्यात ठरवायला हवं.

सातवा मजला | रविवार, रात्री १०:१५

नवीन घ्या. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यापर्यंत गेला की दुरुस्ती करायची नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. १३,५०० अधिक मजुरी म्हणजे निम्मं झालंच. नऊ वर्षांत पैसे वसूल झालेत. नव्यावर दोन वर्षं वॉरंटी मिळेल, बऱ्याच मॉडेलला मोटरवर दहा वर्षंसुद्धा देतात. उद्यमनगरचा माणूस चांगला असेल हो, पण उद्या पाणी गळायला लागलं तर कुणाच्या दारात उभं राहणार?

उद्यमनगरवाला | रविवार, रात्री ११:०५

वहिनी, मी ३१ वर्षं उद्यमनगरात फिटर म्हणून काम केलंय, आधी ऑइल इंजिन, मग पंप, शेवटची दहा वर्षं ह्याच मशीन. आता घरीच असतो. किती पैसे हा प्रश्न नंतरचा. आधी काय मोडलंय ते बघूया. तीन गोष्टी करा, पाच मिनिटांचं काम हाय.

एक. मशीन रिकामं, प्लग काढलेला. दार उघडून आतल्या ड्रमची वरची कड दोन्ही हातांनी धरा आणि वर उचलायचा प्रयत्न करा. बाहेरच्या टबासकट हलला तर काही न्हाई, ते स्प्रिंगवर लटकलेलं असतंय. पण टब जाग्यावर आणि आतला ड्रम एकटाच खडखडला तर बेअरिंग खलास. किती सूत हलतोय (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) ते सांगा.

दोन. हातानं सावकाश फिरवा आणि कान द्या. कोरडी खरखर आली तर बेअरिंग. फिरताना एकाच जागी खट्ट वाजून ड्रम तिरका जातोय असं वाटलं तर मामला वेगळा.

तीन. मशीन पुढं ओढून मागचा पत्रा काढा. चार-सहा स्क्रू असत्यात. मोठ्या पुलीच्या मागं टबावर बॅटरी मारा. तपकिरी ओघळ दिसला तर सील गेलंय.

हे असं का होतंय ते सांगतो. ड्रमच्या पाठीला तीन पायांचं ॲल्युमिनियमचं कास्टिंग असतंय, त्याला स्पायडर म्हणत्यात. त्याच्या मधोमध पोलादी शाफ्ट. शाफ्ट दोन बेअरिंगांतनं मागं येतो आणि त्याला पुली. बेअरिंगाच्या पुढं पाणी अडवायला रबरी ऑइल सील. मरतं पहिल्यांदा हे सील, बेअरिंग न्हाई. सील झिजलं की साबणाचं पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं, गोळ्या गंजत्यात आणि मग आवाज येतो. तुमच्या कानावर आवाज आला तेव्हा सील जाऊन बरेच दिवस झालेले असत्यात.

आवाज येतोय तरी चालू ठेवलं की शाफ्ट झिजतो. शाफ्टवर सील जिथं बसतं तिथं पितळी बुश असतंय, त्याला खाच पडते. खाच पडल्यावर नवीन सील घालून उपयोग न्हाई, पाणी येणारच. त्यामुळं उद्यापासनं मशीन बंद. कपडे हातानं धुवा चार दिवस.

आणखी एक. टबाचे दोन अर्धे नट-बोल्टनं जोडलेत का प्लास्टिक वितळवून चिकटवलेत, ते मागच्या पत्र्यातनं दिसतंय का बघा. चिकटवलेला असला तर कापावा लागतो आणि मग माझा सल्लाही बदलंल.

मिरजकर तिकटी | सोमवार, सकाळी ७:३०

मध्येच विचारतो, माफ करा. आमचा मिक्सर कांदा-लसूण मसाला करताना ठिणग्या टाकून बंद पडला. तोही टाकायचा का?

उद्यमनगरवाला | सोमवार, सकाळी ८:१०

दादा, ठिणग्या असल्या तर आधी कार्बन ब्रश बघा. शंभर-दीडशेचं काम. आर्मेचर जळलं असलं तर जळका वास येतो आणि तांब्याची तार काळी दिसते, मग विचार करा. आणि कोरडी मिरची एकदम भरून सलग पाच मिनिटं फिरवू नका. तेवढा मसाला कांडपावर न्या.

पेठकरीण | सोमवार, दुपारी २:२०

काका, तिन्ही गोष्टी केल्या. ड्रम एकटाच हलतो, मापलं तर दोन सूत भरतं. फिरवताना खरखर आहे, आणि हो, एका जागी थोडं जड लागतं. मागचा पत्रा काढला तर पुलीच्या मागे तपकिरी ओघळ खालपर्यंत सुकलेला. बोटानं पुसला तर गंजाचा बुक्का हाताला आला. टबाच्या कडेनं बोल्ट दिसतात, मी अकरा मोजले, एक-दोन मागे लपले असतील.

उद्यमनगरवाला | सोमवार, दुपारी २:४५

बोल्टचा टब म्हणजे निम्मी लढाई जिंकली. एका जागी जड लागतंय त्याची मात्र मला काळजी वाटते. स्पायडर बघायला पायजे.

कुंभार गल्लीतली | सोमवार, रात्री ९:००

ताई, आमचा अनुभव सांगते. शाहूपुरीत आमचं घर तळमजल्यावर. ऑगस्ट २०१९ च्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट, त्यावरून अंदाज करा. घरात छातीएवढं पाणी, मशीन चार दिवस बुडालेलं. पाणी उतरल्यावर आम्ही ते बाहेरून धुतलं, दोन दिवस उन्हात ठेवलं आणि प्लग लावला. कार्ड तिथल्या तिथे जळालं. मोटर म्हणे वाचली होती, म्हणून कार्ड बदललं. महिन्याभरात बेअरिंग. ते बदललं तर दिवाळीत मोटरही गेली. तीन वेळा पैसे घातले, शेवटी नवीन घ्यावंच लागलं. पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं, त्यात गाळ असतो, तो गोळ्यांच्या फटीत आणि वायरच्या जोडात जाऊन बसतो.

जुलै २०२१ ला परत पाणी आलं. त्या वेळी मात्र ३९ फुटांचा इशारा कानावर पडल्याबरोबर दिरांनी आणि शेजारच्या पोरांनी मशीन जिन्यानं वर नेलं. ते आजही चालू आहे.

हे लिहायचं कारण, बुडालेल्या मशीनचा प्रश्न वेगळा असतो. तिथे एक पार्ट गेला असं नसतं, सगळ्यालाच कीड लागलेली असते. तुमच्या मशीनला पूर लागलेला नाही. एकच जागा दुखतेय. मी तुमच्या जागी असते तर उघडून बघितलं असतं.

बावडेकर | सोमवार, रात्री १०:३०

मी दुसरी बाजू मांडतो. गेल्या वर्षी आमच्या मशीनचं असंच झालं. एका कारागिराकडून ३,८०० मध्ये बेअरिंग बदलून घेतलं. आठवडाभर मशीन अगदी नव्यासारखं. तिसऱ्या महिन्यात खालून पाणी. त्यानं जोडाला सिलिकॉन भरून दिलं, आणखी ८०० घेतले. पाचव्या महिन्यात तोच आवाज परत. त्यानंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं. शेवटी नवीन घेतलं. साडेचार हजारांपेक्षा जास्त लागलं ते बायकोनं या सगळ्यात दोनदा पंधरा-पंधरा दिवस हातानं कपडे धुतले त्याचं. ते हिशेबात कुणी धरत नाही.

उद्यमनगरवाला | सोमवार, रात्री ११:२०

बावडेकर, तुमचं खरं हाय आणि मला ते वाचून वाईट वाटलं. पाच महिन्यांत बेअरिंग जातंय म्हणजे काम चुकलेलं असतंय. कुठं चुकतंय ते लिहितो, म्हणजे वहिनी समोर उभं राहून बघू शकतील.

बेअरिंगाला दोन कड्या असत्यात, बाहेरची आणि आतली, मध्ये गोळ्या. टबातल्या खोबणीत बसवताना बाहेरच्या कडीवर दाब द्यायचा. बरेच जण मधल्या कडीवर हातोडा घालत्यात. तो मार गोळ्यांतनं जातो आणि कडीवर बारीक खड्डे पडत्यात. दिसत न्हाईत, पण नवीन बेअरिंग त्याच दिवशी अर्धं मेलेलं असतंय. जुनं बेअरिंग ठोकून काढलं तर चालतं, ते टाकायचंच हाय. नवीन बसवताना जुन्याचीच बाहेरची कडी वर ठेवून सावकाश चारी बाजूंनी ठोकायचं, न्हाईतर प्रेसवर दाबायचं.

दुसरं, सीलच्या ओठाला पाण्यात न विरघळणारं ग्रीस. साधं ग्रीस साबणानं निघून जातं. तिसरं, टबाच्या दोन अर्ध्यांमधली रबरी दोरी. ती चेपली असली तर नवीनच घालायची. सिलिकॉन भरणं म्हणजे फाटक्या खिशाला टाचणी. आणि चौथं, शाफ्टवरच्या बुशावर नख फिरवून बघायचं. नख अडकलं तर बुश बदला.

बेअरिंग चांगल्या कंपनीचं, बिल असलेल्या दुकानातनं घ्या. नंबर बेअरिंगावरच कोरलेला असतो. सात किलोच्या बऱ्याच मशीनला ६२०५ आणि ६२०६ येतं, पण जुनं बघूनच आणा. बेअरिंग विकणाऱ्या दुकानांची आपल्या गावात वानवा न्हाई, सगळा पंप-इंजिनाचा धंदा त्याच्यावरच उभा हाय.

ग्राहक पंचायतीतला नव्हे, पण | मंगळवार, सकाळी ११:००

सर्व्हिस सेंटरनं तोंडी आकडा सांगितलाय ना? लेखी मागा, प्रत्येक पार्टची वेगळी किंमत आणि मजुरी लिहून. नुसतं बेअरिंग आणि सील विकत देता का, हेही लेखी विचारा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणंही येतात. सहभागी कंपन्यांची दुरुस्तीची माहिती, सुटे भाग आणि वॉरंटीच्या अटी एका जागी मिळाव्यात हा त्याचा हेतू. दाद मागायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि नवीन घ्यायचं ठरलं तर जुनं रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वॉशिंग मशीनही आहे. नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याकडेच जाऊ द्या.

सातवा मजला | मंगळवार, दुपारी १:१०

फिटरकाकांचं वाचून माझं मत थोडं बदललंय. माझा निम्म्याचा नियम १३,५०० वर लावला होता, पण तो आकडा आख्ख्या सेटचा आहे, बिघाडाचा नाही. तरी वॉरंटीचा मुद्दा मी सोडत नाही. कारागिराकडून सहा महिन्यांची हमी कागदावर घ्या.

पेठकरीण | शुक्रवार, रात्री १०:४०

मंडळी, सविस्तर लिहिते. बुधवारी लेखी मागितलं तेव्हा सर्व्हिस सेंटरनं सांगितलं बेअरिंग सुटं देत नाही, सेटच घ्यावा लागेल. त्यामुळे गुरुवारी टेम्पोनं मशीन उद्यमनगरात नेलं. मी आणि सासूबाई दोघी तिथे बसलो होतो.

वरचा पत्रा, काउंटरवेटचे दगड, पुढचं रबर, मोटर असं एकेक करत तासाभरात टब बाहेर आला. बोल्ट तेरा निघाले. दोन अर्धे वेगळे केले आणि शाफ्टच्या टोकावर लाकडाचा ठोकळा ठेवून चार घाव घातल्यावर ड्रम सुटला. कारागिरानं तो उलटा करून आमच्यासमोर ठेवला.

नऊ वर्षं मी ज्यात कपडे धुतले त्याची पाठ मी पहिल्यांदा बघितली. स्पायडरच्या तिन्ही पायांच्या खाचांत बोटभर जाड तांबडा-राखाडी लगदा. सासूबाईंनी बोट लावून वास घेतला आणि म्हणाल्या, "ही आखाड्याची माती हाय." आखाड्याच्या मातीत तेल, हळद, ताक कालवलेलं असतं. ते सगळं साबणाबरोबर मागे जाऊन थापलं गेलं होतं. कारागिरानं पाण्याचा फवारा मारून ते धुतलं. दोन पाय खालून ठीक निघाले, नुसते डाग. तिसऱ्या पायावर पांढरी भुकटी होती. त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि जरा दाबलं, तर टोक भाकरीत रुतावं तसं आत गेलं.

मी विचारलं, हे बेअरिंग बदलून चालवलं असतं तर? तो म्हणाला चाललं असतं सहा महिने, मग एक दिवस पूर्ण वेगात असताना हा पाय तुटला असता आणि ड्रमानं टब फोडला असता.

साडेचार हजारांचा हिशेब तिथेच संपला. स्पायडर इथे मिळाला नाही, पुण्याहून मागवायला २,६०० आणि तीन दिवस. ह्यांना फोन लावला. ह्यांनी एवढंच विचारलं, बाकीचं काय काय तपासलं? मग मोटर, पंप, शॉकॲब्सॉर्बर, इनलेट व्हॉल्व्ह सगळं आमच्यासमोर तपासून घेतलं. कार्डावर ओल किंवा गंज कुठेच नव्हता. ह्यांनीच हो म्हटलं. एक अट घातली, दोन वर्षांच्या आत कार्ड गेलं तर परत पैसे घालायचे नाहीत. सासूबाईंनीही मान्य केलं.

उद्यमनगरवाला | शुक्रवार, रात्री ११:१५

जड लागत होतं ते हेच. वहिनी, त्या पोरानं तुम्हाला मोडका पाय दाखवला, लपवला न्हाई. माणूस बरोबर हाय.

माती नुसतीच कारण न्हाई. ड्रम स्टेनलेसचा, स्पायडर ॲल्युमिनियमचा, दोन धातू एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये सतत ओल. अशा जोडीत ॲल्युमिनियम स्वतःला खाऊन घेतंय. साबणाचं पाणी त्यात भर घालतं. लगदा साचला की ती जागा कधी वाळतच न्हाई. म्हणून पावडर कमी घाला, डब्यावर लिहिलंय त्याहून जास्त तर कधीच नको. महिन्यातनं एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवा. आणि धुऊन झालं की दार उघडं ठेवा.

पोराचे कपडे आधी बादलीत भिजवून, माती खाली बसू द्या. दोन पाणी बाहेर काढून मग मशीनला टाका.

पेठकरीण | पुढचा बुधवार, सकाळी ११:३०

काल संध्याकाळी मशीन घरी आलं. एकूण हिशेब असा : दोन बेअरिंग, सील आणि टबाची रबरी दोरी १,४५०, स्पायडर २,६००, मजुरी २,५००, टेम्पो जाऊन-येऊन ७००. म्हणजे ७,२५०. बेअरिंगाचं पक्कं बिल आणि सहा महिन्यांची हमी, दोन्ही कागदावर. बसवताना मी समोर उभी होते. जुन्या बेअरिंगाची कडी वर ठेवूनच ठोकलं, काका.

रात्री आधी रिकामं फिरवलं, मग चार चादरी आणि टॉवेल घातले. पूर्ण वेगात गेलं तेव्हा मी हात ठेवून उभी होते. हलकी थरथर तेवढी लागली. पाण्याचा एक थेंब खाली नाही. जुना स्पायडर मी मागून आणला, मुलाला दाखवायला. त्यानं तो मोडका पाय बोटानं दाबून बघितला आणि आज सकाळी न सांगता स्वतःचे कपडे बादलीत भिजवून तालमीत गेला.

बावडेकर | बुधवार, दुपारी १२:०५

वाचून बरं वाटलं. आमच्या मेहुण्याच्या मशीनलाही आवाज सुरू झालाय. कारागिराचा पत्ता मिळेल का?

पेठकरीण | बुधवार, दुपारी १२:२०

इथे उघड लिहीत नाही, निरोपातून पाठवते. नेण्याआधी काकांच्या तीन गोष्टी करून बघा आणि टबाला बोल्ट आहेत का ते बघून जा, तो पहिल्यांदा तेच विचारतो. दुपारी एक ते चार जाऊ नका, बंद असतं.